कर्नल साइक्स आणि धान्य साठविणारी मुंगी

ज्येष्ठ-आषाढाच्या संधीस पावसाच्या पहिल्या सरी येऊन जातात, दोन-चार दिवस आभाळ भरलेले राहते, आणि मग एखाद्या सकाळी स्वच्छ ऊन पडते. अशा सकाळी खानदेश-दख्खनच्या माळावरून खाली पाहत चालणाऱ्या मनुष्यास मुंग्यांच्या बिळांच्या तोंडाशी गवताच्या बियांचे चिमुकले ढीग आढळतात. मुंग्यांनी उन्हाळ्यापूर्वीच भरून ठेवलेले कोठार पावसाने ओले झालेले असते. ते त्या वाळत घालीत असतात. ओलावलेले धान्य आपल्या घरची माणसे अंगणात पसरतात, तसाच हा प्रकार होय. शेतकऱ्यास यात काही नवल वाटत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील विद्वानांची अशी खात्री होऊन बसली होती, की मुंगी धान्य साठविते ही निव्वळ भाकडकथा आहे. ही खात्री ज्या निरीक्षणांनी डळमळीत केली, त्यांतील अगदी आरंभीचे निरीक्षण इ. स. १८२९ मध्ये पुण्यास झाले. ते करणारे गृहस्थ कोणी प्राध्यापक नव्हते. कंपनी सरकारच्या फौजेतील ते एक अधिकारी होते. विल्यम हेन्री साइक्स हे त्यांचे नाव.

पाखरांचा नाद असलेल्या आमच्या वाचकांस हे नाव नवे नाही. माळरानावर गाणाऱ्या तुरेवाल्या चंडोलाच्या एका जातीस आजही साइक्सचा चंडोल असे म्हणतात. मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांतही हे नाव पानोपानी भेटते. मात्र ज्या मुंगीपायी आम्हास या पुरुषाचे चरित्र विद्यार्थ्यांपुढे मांडावेसे वाटले, तिची हकीकत फारशी कोणाच्या कानावर नसते.

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात, ब्रॅडफर्ड गावाजवळ झाला. त्या काळी इंग्लंडातील मध्यम स्थितीच्या घरांतील मुलगे कोवळ्या वयातच कंपनीच्या चाकरीस लागून हिंदुस्थानची वाट धरीत. साइक्स यांनीही तेच केले. इ. स. १८०४ मध्ये मुंबईच्या फौजेत त्यांची नेमणूक झाली आणि पुढल्याच वर्षी लॉर्ड लेक याने भरतपुरास दिलेल्या वेढ्यात हा पंधरा वर्षांचा मुलगा हजर होता. भरतपूरच्या मातीच्या तटाने इंग्रजांचे हल्ले एकामागून एक परतविले, हे आमच्या वाचकांस इतिहासातून ठाऊक आहेच. म्हणजे साइक्स यांचा लष्करी श्रीगणेशा पराभवाने झाला.

पुढली काही वर्षे आम्ही दोन ओळींत आटोपतो. इ. स. १८१० पर्यंत त्यांनी हिंदुस्थानी आणि मराठी या दोन भाषांच्या परीक्षा देऊन दुभाष्याची पात्रता मिळविली. मराठीचे हे ज्ञान त्यांस पुढे जन्मभर उपयोगी पडले. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची व त्यानंतर पुण्याची लढाई झाली, तेव्हा ते कंपनीच्या पलटणीत होते. तेव्हा ज्या सैन्याने पेशवाई बुडविली त्या सैन्यातील हा मनुष्य, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे आम्हास कारण दिसत नाही. पेशवाईच्या शेवटच्या अंकाचा पडदा तर आमच्याच मुलखात पडला. जून १८१८ मध्ये असीरगडाच्या परिसरात दुसरे बाजीराव जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाले आणि एप्रिल १८१९ मध्ये असीरगडही पडला. हा माल्कम पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला व साइक्स यांच्या हकीकतीत पुन्हा येणार आहे, म्हणून त्याचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

लढाया संपल्यावर साइक्स यांनी १८२० पासून सुमारे चार वर्षे युरोपात प्रवास केला, आणि १८२४ च्या ऑक्टोबरात ते परत आले. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर मौंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टन होते. नव्याने हाती आलेल्या दख्खनची शास्त्रशुद्ध माहिती गोळा करण्याचे त्यांच्या मनात होते. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांची लोकसंख्या, शेती, जमिनीच्या वहिवाटी, मजुरी, हवा, पाऊस, दगड, झाडे, जनावरे, सारे काही मोजून व पाहून लिहावयाचे, हे ते काम होते. त्यासाठी जे नवे पद निघाले त्यावर साइक्स यांची नेमणूक झाली. सरकारास ही माहिती मुख्यतः सारा बसविण्यासाठी हवी होती, हे उघड आहे. परंतु एखाद्या मनुष्यास हिशेबनीस म्हणून पाठवावे आणि त्याने वहीच्या समासात पक्ष्यांची अंडी टिपून आणावीत, असे कधी कधी घडते. साइक्स यांच्या बाबतीत समासच वहीहून मोठा झाला.

बऱ्हाणपूर त्यांच्या कामाच्या हद्दीत नव्हते. त्या वेळी आमचे शहर शिंद्यांच्या अमलाखाली होते. ते इंग्रजांकडे गेले इ. स. १८६० मध्ये. तरी खानदेशची हद्द आमच्या उंबरठ्याला लागून. तेच तापीचे पाणी, तीच काळी जमीन आणि त्याच बाभळी. तेव्हा साइक्स यांनी जे पाहिले ते परमुलखातले, असे बऱ्हाणपूरकरांनी मानण्याचे काही कारण नाही.

सहा वर्षांत त्यांनी किती प्रकारची निरीक्षणे केली ते पाहिले म्हणजे मन थक्क होते. वायुभारमापकातील पारा दख्खनमध्ये दिवसातून दोनदा चढतो व दोनदा उतरतो, आणि ही भरती-ओहोटी घड्याळाप्रमाणे नियमित चालते, हे त्यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदींनी दाखवून दिले. दख्खनच्या पक्ष्यांची जी सूची त्यांनी १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय मंडळापुढे मांडली, तीत दोनशेहून अधिक जाती आहेत, आणि त्यांतील कित्येक तोवर शास्त्रास अज्ञात होत्या. ओढ्याकाठी पाठ वाकवून बसणारी, उडाली की एकाएकी पांढरीशुभ्र दिसणारी ढोकरी आम्ही सर्वांनी पाहिलेली आहे. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन साइक्स यांचे. आमराईतील पिवळाधमक हळद्या पक्षीही त्यांनीच निराळी जाती म्हणून नोंदविला. सातभाईंच्या कुळातील मोठ्या करड्या पक्ष्यास त्यांनी माल्कमचे नाव दिले. असीरगडापुढे तोफा लावणाऱ्या सेनापतीचे नाव आज बाभळीखाली कलकलाट करणाऱ्या पाखरांच्या टोळीस चिकटलेले आहे! पक्ष्याची लांबी-रुंदी व रंग लिहून साइक्स थांबत नसत. डोळ्याचा रंग कोणता, पोटात काय सापडले, टोळ की धान्य की फळाची बी, हेही लिहीत.

माशांच्या बाबतीत त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि ती आम्हास विशेष आवडते. मुळा-मुठा, भीमा इत्यादी नद्यांतील चाळीसांहून अधिक माशांचे वर्णन त्यांनी केले व ते १८३९ मध्ये प्रसिद्ध झाले. ही नावे ठेवताना त्यांनी पुष्कळ ठिकाणी ग्रीक-लॅटिन कोश बाजूस सारून कोळ्यांच्या तोंडची मराठी नावेच उचलली. शिंगटीस शिंगटीच म्हटले, आणि पुण्याजवळच्या नदीत सापडलेल्या एका जातीच्या महसीर माशास खुद्री हे नाव दिले. हा मासा आज जगभर टॉर खुद्री या नावाने ओळखला जातो. रोहटी हे तर एका संबंध प्रजातीचेच नाव झाले. ज्या कोळ्यांनी जाळे टाकून मासा काढला आणि त्याचे नाव सांगितले, त्यांपैकी एकाचेही नाव मात्र शास्त्राच्या पुस्तकात नाही. त्या काळची रीतच तशी होती असे कोणी म्हणेल. आम्हास ती रीत बरी वाटत नाही.

आता मुंगीकडे वळू.

मुंगी धान्य साठविते, ही समजूत फार प्राचीन आहे. यहुद्यांचा राजा सॉलोमन याच्या नावावर असलेल्या नीतिवचनांत आळशी मनुष्यास मुंगीचा दाखला दिलेला आहे. इसापाच्या नावे चालणाऱ्या ग्रीक गोष्टींत मुंगी धान्य वाळत घालते. यहुद्यांच्या जुन्या धर्मशास्त्रात तर शेतातील मुंग्यांच्या बिळांत सापडलेले धान्य मालकाचे मानावे की गरिबांचे, याचे नियमही घालून दिलेले आहेत. कोठारे पाहिल्यावाचून असले नियम कोणी करीत नाही. पुढे अठराव्या शतकात इंग्लंड, फ्रान्स, स्वित्झर्लंड या देशांतील निरीक्षकांनी आपापल्या बागांतील वारुळे खणून पाहिली. त्यांस धान्याचा एकही कण मिळाला नाही. मिळाले ते पांढुरके, तांदळाच्या दाण्यासारखे दिसणारे कोश, म्हणजे मुंगीची अर्धवट वाढलेली पिले. मुंग्या ती तोंडात धरून उन्हात आणतात व परत नेतात. यावरून त्या विद्वानांनी असा निष्कर्ष काढला, की प्राचीनांनी या कोशांसच धान्य मानले. त्यांची दृष्टी चुकली आणि चूक पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

हा निष्कर्ष अर्धा खरा होता. थंड देशांतील मुंग्या हिवाळ्यात गारठून निपचित पडून राहतात. त्यांस त्या दिवसांत अन्न लागत नाही. मग कोठार कशास हवे? उष्ण देशांत गोष्ट निराळी. तेथे मुंगी बाराही महिने जागी असते, गवताचे बी मात्र वर्षातून थोडेच दिवस पिकते आणि पुढे महिनेच्या महिने जमीन कोरडी ठणठणीत राहते. ज्याने भरून ठेविले तोच तरेल, अशी येथील अवस्था. पॅलेस्टाइन व ग्रीस हे देश अशाच हवेचे आहेत. उत्तरेकडील पंडितांनी स्वतःच्या परसातील मुंगीवरून सर्व पृथ्वीवरील मुंग्यांचा न्याय केला. इंग्लंडातील कीटकशास्त्राचे आद्य पुरुष रेव्हरंड विल्यम किर्बी आणि त्यांचे सहकारी स्पेन्स यांनी मात्र आपल्या ग्रंथात सावधगिरी ठेविली होती. युरोपातील मुंग्या धान्य साठवीत नाहीत, परंतु परदेशांतील मुंग्यांची रीतभात नीट तपासल्याखेरीज शेवटचा शब्द उच्चारू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. खरा शास्त्रज्ञ असा जागा मोकळी ठेवून बोलतो.

दिनांक १९ जून १८२९. साइक्स सकाळी पुण्यास फिरावयास निघाले होते. पावसाळा नुकताच लागला होता आणि त्या दिवशी ऊन पडले होते. कवायतीच्या मैदानाजवळच्या पडीक जमिनीवर त्यांस निरनिराळ्या ठिकाणी विसांहून अधिक लहान ढीग दिसले. प्रत्येक ढीग मूठभर असेल. जवळ जाऊन पाहतात तो शेकडो मुंग्या जमिनीखालून एकेक दाणा घेऊन वर येत होत्या व ढिगावर टाकीत होत्या. दाणे वरी-सावा यांच्या जातकुळीतील एका गवताचे होते. हे गवत पिकते पौष-माघाच्या सुमारास, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा हा साठा चार-पाच महिन्यांपूर्वीचा असला पाहिजे आणि पावसाचे पाणी बिळात शिरून तो भिजला असला पाहिजे, हे त्यांच्या ध्यानात आले.

युरोपातील मताविरुद्ध आपण काही पाहत आहो, याची साइक्स यांस पूर्ण जाणीव होती. म्हणून आपली फसगत होत नाही ना, हे त्यांनी काळजीपूर्वक तपासले. मुंगीच्या तोंडातील वस्तू कोश नव्हे, गवताचेच बी आहे, याची आधी खात्री करून घेतली. आमच्या मते त्या सकाळचे हेच मुख्य काम होते. ढीग पाहणारे पुष्कळ असतील. परंतु आपणास जी शंका कोणी तरी घेणार ती आपण होऊन आधीच घ्यावी आणि तेथल्या तेथे तिचा निकाल लावावा, हे थोड्यांस सुचते.

मग ते तेथेच पाहत राहिले. बिळाचे तोंड नळीसारखे उभे होते. दाणा कित्येक मुंग्यांस जड जाई. सशक्त मुंग्याही त्या उभ्या भिंतीवर कष्टानेच चढत. अशक्त मुंग्या काठापाशी येऊन दाण्यासकट थेट तळाशी कोसळत. पण दाणा काही सुटत नसे. पडलेली मुंगी पुन्हा चढू लागे आणि वर येऊन दाणा ढिगावर ठेवीपर्यंत थांबत नसे. हे सारे टिपून ठेवून साइक्स यांनी गोष्ट तेवढ्यावर सोडली नाही. त्याच वर्षी १३ ऑक्टोबर रोजी, परतीच्या वळवाची वादळे होऊन गेल्यावर, त्यांनी पुन्हा शोध घेतला. त्याच जातीच्या मुंग्या अनेक ठिकाणी तेच काम करताना आढळल्या. एका ढिगात तर दोन ओंजळी बी निघाले. एकदा दिसलेली गोष्ट अपघात असू शकते. दोन ऋतूंत दिसलेली गोष्ट ही त्या प्राण्याची रीत ठरते.

या मुंगीस त्यांनी लॅटिन भाषेतील प्रोव्हिडेन्स हे नाव दिले. पुढची तरतूद करणारी असा त्याचा अर्थ. त्यांनी तिला ॲट्टा या प्रजातीत घातले होते. पुढील शास्त्रज्ञांनी तिची गणना फायडोले या प्रजातीत केली. फायडोले हा शब्द काटकसर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. म्हणजे काटकसरी आणि दूरदर्शी अशी दोन्ही बिरुदे या इवल्याशा प्राण्यास मिळाली. या प्रजातीत साध्या कामकरी मुंग्यांबरोबर भल्या मोठ्या डोक्याच्या मुंग्याही असतात, हे ध्यानात ठेवून विद्यार्थ्यांनी एखादे वारूळ भिंगातून अवश्य पाहावे.

साइक्स यांचा हा निबंध लंडनच्या कीटकशास्त्रीय मंडळाच्या ग्रंथात १८३५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आणखी दोन नव्या मुंग्यांचे वर्णन आहे. एकीस त्यांनी वर सांगितलेल्या किर्बींचे नाव दिले. ती सह्याद्रीच्या डोंगराळ प्रदेशात झाडांच्या फांद्यांवर घर बांधते. शेणाचे पातळ पापुद्रे करून ते कौलारासारखे एकावर एक बसविते, आणि पाऊस त्यावरून ओघळून जातो. सह्याद्रीच्या पावसात शेण आणि कौल यांवर घर उभे करणारी ही मुंगी मराठी गृहिणीची शेजारीणच शोभते.

दुसरीची कथा तर आमच्या प्रत्येक घरात घडणारी आहे. पुण्याच्या बंगल्यात जेवणानंतरची फळे, मुरांबे व गोड पदार्थ ओसरीवरील एका मेजावर झाकून ठेवीत. मुंग्या लागू नयेत म्हणून मेजाचे चारही पाय पाण्याच्या भांड्यांत ठेविले होते आणि मेज भिंतीपासून बोटभर दूर सरकविले होते. जाळीच्या कपाटाखाली पाण्याच्या वाट्या ठेवणाऱ्या आमच्या आयाबहिणींस ही युक्ती सांगावयास नको. काही दिवस ती चालली. पुढे मुंग्या पाण्यात उतरून पार होऊ लागल्या आणि रोज सकाळी शेकडो मुंग्या मिठाईवर आढळू लागल्या. तेव्हा पायांना पाण्याच्या वर टर्पेंटाइनचे पट्टे ओढले. पुन्हा काही दिवस शांतता. आणि पुन्हा मुंग्या! येतात कोठून हे कोणास कळेना. एके दिवशी मेजाजवळून जाताना साइक्स यांस दिसले, की मेजाच्या सुमारे हातभर वर भिंतीवरून एक मुंगी टपकन चादरीवर पडली. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. पायांची वाट बंद झाल्यावर मुंग्यांनी भिंतीवर चढून खाली उडी घेण्याची वाट काढली होती. साइक्स यांनी तिचे नाव इन्डेफेसा, म्हणजे न थकणारी, असे ठेविले. घरातील उपद्रवी मुंगीस चिरडून टाकण्याऐवजी तिचा गौरव करणारे यजमान आम्हास तरी दुसरे ठाऊक नाहीत. अर्थात चिरडण्याचेही प्रयत्न आधी रोज झालेच होते!

येथे नव्या जातीचे वर्णन करणे म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. कोणताही प्राणी कोणास प्रथम दिसला म्हणून त्याचे शास्त्रीय नाव होत नाही. तो ज्ञात जातींपैकी एकही नाही, हे ताडून पाहावे लागते. त्याची अंगे मोजून लेखी वर्णन करावे लागते. प्रजाती व जाती असे दोन शब्दांचे नाव द्यावे लागते आणि ते सर्व छापून प्रसिद्ध करावे लागते. स्वीडनचे लिनियस यांच्या १७५८ च्या ग्रंथापासून प्राण्यांची नावे मोजण्याचा प्रघात आहे. नमुना जपून ठेवितात, म्हणजे मागाहून येणाऱ्यास तो पडताळता येतो.

परंतु नमुना मेलेला असतो, आणि मेलेला कीटक सर्वच सांगत नाही. याचे एक मासलेवाईक उदाहरण हिंदुस्थानातीलच आहे. दक्षिणेकडील कोरड्या, काटेरी झुडपांच्या प्रदेशात काळ्या पंखांवर सात पांढरे ठिपके असलेले एक देखणे झुरळ राहते. खऱ्या वाळवंटाशी त्याचा संबंध नसला तरी इंग्रजीत त्यास वाळवंटी झुरळ असेही म्हणतात. त्याची पिले मातीत व पाचोळ्याखाली वाढतात. जेम्स पेटिव्हर या लंडनच्या औषधविक्याने जमविलेल्या कीटकांत ते होते. लिनियस यांनी १७५८ मध्ये त्यास पेटिव्हरचे नाव दिले. पण कोणत्या कुळात घातले? कासवासारखी पाठ असलेल्या भुंगेऱ्यांत! आकार गोलसर, पंख घट्ट, अंगावर ठिपके. तेव्हा भुंगेराच असावा, असे त्या महापंडितास वाटले. पुढे चूक दुरुस्त झाली व आज ते थेरिया या प्रजातीत गणले जाते. आज जगातील झुरळांच्या सुमारे ४,५०० जाती ज्ञात आहेत आणि माणसाच्या घरात शिरणाऱ्या त्यांतील थोड्याच. पण बिचाऱ्या सर्वांस नाव तेच. एखाद्या मनुष्याने ते ठिपकेदार झुरळ त्याच्या रानात चार दिवस चालता-फिरताना पाहिले असते, तर त्यास भुंगेरा म्हणण्याचा मोह झाला नसता, असे आम्हास वाटते. साइक्स यांच्या मुंगीचे वर्णन टिकले याचे कारण हेच की तिच्या अंगाच्या मापांबरोबर तिचे वागणेही त्यांनी तिच्याच दारात उभे राहून पाहिले होते.

ज्या वर्षी मुंग्यांचे हे कोठार सापडले, त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर १८२९ मध्ये, काटकसरीच्या सबबीवर साइक्स यांचे पद सरकारने मोडले. काम अर्धेमुर्धे राहिले होते. त्यांनी ते टाकून दिले नाही. लष्करी कामातून सवड घेऊन त्यांनी ते जानेवारी १८३१ पर्यंत पुरे केले आणि मगच हिंदुस्थान सोडला. १८३३ मध्ये ते कर्नलच्या हुद्द्यावर निवृत्त झाले.

इंग्लंडातील त्यांचा उत्तरकाल मानमरातबाचा आहे. त्याची यादी देण्याची आम्हास फारशी हौस नाही. १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचे सभासदत्व, १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकपदावर निवड, १८५६ मध्ये कंपनीचे अध्यक्षपद, १८५७ पासून मृत्यूपर्यंत ॲबर्डीन शहरातर्फे पार्लमेंटात जागा, रॉयल एशियाटिक सोसायटीचे व पुढे संख्याशास्त्रीय मंडळाचे अध्यक्षपद. कंपनीच्या कारभाराच्या ज्या दोषांतून १८५७ चा भडका उडाला, त्यांचा विचार करताना कंपनीच्या या अध्यक्षासही इतिहासकार वगळू शकणार नाहीत. तो विषय मोठा आहे आणि मुंगीच्या लेखात मावणारा नाही.

मुंगीच्या लेखाचे पुढे काय झाले ते तेवढे सांगावयाचे आहे. युरोपात त्याकडे पुष्कळ वर्षे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. हिंदुस्थानात टी. सी. जर्डन या मद्रासेकडील वैद्याने १८५० च्या सुमारास दक्षिणेतील मुंग्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांसही बिया साठविणाऱ्या जाती आढळल्या. युरोपातील मत तरीही हलले नाही. अखेर जॉन मॉग्रिज या इंग्रज तरुणाने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, मांतों गावी, मुंग्यांची बिळे खणून त्यांतील बियांनी भरलेली दालने प्रत्यक्ष दाखविली. मॉग्रिज प्रकृतीने अशक्त होता. उबदार हवेसाठी तो हिवाळे तेथे काढीत असे, आणि त्यामुळेच उत्तरेकडील पंडितांस जे दिसले नाही ते त्यास दिसले. त्याचे पुस्तक १८७३ मध्ये निघाले. त्यात त्याने साइक्स यांचे पुण्याचे टिपण, १९ जूनच्या सकाळपासून १३ ऑक्टोबरच्या दोन ओंजळींपर्यंत, आदराने उतरून घेतले. तेव्हापासून धान्य साठविणाऱ्या मुंग्यांविषयी कोणी शंका घेतलेली नाही. आज जगात मुंग्यांच्या १४,००० हून अधिक जातींची नोंद झाली आहे आणि बी साठविणाऱ्या मुंग्या कोरड्या हवेच्या बहुतेक प्रदेशांत आढळल्या आहेत.

साइक्स आणि जर्डन या दोघांसही ते पुस्तक पाहावयास मिळाले नाही. जर्डन १२ जून १८७२ रोजी वारले, आणि त्यानंतर चारच दिवसांनी, १६ जून रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी लंडन येथे कर्नल साइक्स यांचा अंत झाला. मॉग्रिजही पुस्तक निघाल्यावर दुसऱ्याच वर्षी, ऐन तिशीत गेला.